‘कम्युनिटी’ बंद पडणार म्हणतात (जागलीवरून)

पऱ्हाटी | १८ डिसेंबर २०११

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. जागलीवर बसून वहीत लिहिला आणि आज बाजाराच्या निमित्तानं घाटंजीला आलो तेव्हा कॅफेत टाइप करतोय. तासाचे वीस रुपये आणि लाईन कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा शुद्धलेखन पोटात घाला.

आमच्याकडे तुरीला शेंगा धरल्यात, हरभरा वीतभर झालाय, आणि या दोन्ही बातम्या रानडुकरांपर्यंत पोचल्यात. म्हणून रोज रात्री राखणीला मी आणि काकाजी शेतातल्या माळ्यावर. एक बॅटरी, एक फुटका डबा वाजवायला, एक घोंगडं, आणि माझा मोबाईल. त्याच्या मेमरी कार्डात दिवाळीला पुण्याच्या चुलतभावानं एक अमेरिकन मालिका भरून दिली. कुठून आणली ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका.

मालिकेचं नाव ‘कम्युनिटी’. सप्टेंबर २००९ पासून एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर दर गुरुवारी लागते. जेफ विंगर नावाच्या वकिलाची बी.ए.ची डिग्री खोटी निघते, म्हणून तो ग्रीनडेल नावाच्या भंगार कॉलेजात नव्यानं शिकायला येतो. तिथं एका पोरीवर छाप पाडायला खोटाच अभ्यासगट काढतो आणि त्यात सात माणसं येऊन बसतात. एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, यात काय नवल. माझंही तेच झालं होतं. पहिले सात-आठ भाग बरे आहेत, एवढंच. तिथं सोडलं असतं तर हा धागा निघाला नसता.

पण मग ही मालिका दर आठवड्याला वेगळीच होऊन बसते. एका भागात रंगाच्या गोळ्यांचा खेळ सुरू होतो आणि तासाभरात अख्ख्या कॉलेजाचं रणांगण. एक ख्रिसमसचा भाग संपूर्ण बाहुल्यांचा, एकेक चित्र हलवून केलेला. एका भागात कोणी काही करतच नाही. ॲनीचा पेन हरवतो, आणि पेन सापडेपर्यंत कोणी खोलीबाहेर जायचं नाही असं ठरतं. बस्स. एक खोली, सात माणसं, एक पेन. पिशव्या उलट्या होतात, मग मनं. आमच्या घरी लग्नात जोडव्याचा डबा हरवला होता तेव्हा नेमकं हेच झालं होतं. तो डबा शेवटी आत्याच्याच पिशवीत निघाला. इथं पेन माकडानं नेलेला असतो, आणि ते माकडाचं त्या भागात या लोकांना कळतच नाही.

जुन्या भागांचे तुकडे जोडून एक भाग काढायची टीव्हीवाल्यांची जुनी युक्ती आहे, फुकटात भाग होतो. यांनीही तसा एक केला. सगळे बसून आठवणी काढतात, तुकडे दिसतात. आणि हळूहळू ध्यानात येतं की यातला जवळपास एकही तुकडा आपण आधी पाहिलेला नाही. न झालेल्या भागांच्या आठवणी! युक्ती पैसे वाचवायची, आणि या शहाण्यांनी तीच सगळ्यात महाग करून ठेवली.

आणखी एक गंमत सांगतो. दुसऱ्या सीझनच्या एका भागात आबेद हे पात्र जवळपास गप्पच आहे. पण मागे, कोपऱ्यात, इतरांच्या डोक्याआडून पाहिलं तर त्याची वेगळीच गोष्ट चालू आहे. एका गरोदर बाईची ओळख होते, तिच्या जोडीदाराशी भांडण होतं, शेवटी हा तिचं बाळंतपण करतो. पुढचे लोक तिसऱ्याच विषयावर बोलताहेत, आणि कोणी तिकडे बोट दाखवत नाही. मला तर तिसऱ्यांदा पाहिल्यावर दिसलं, तेही काकाजींनी विचारलं म्हणून, “अबे, ह्या पोट्टा मागं काय करून रायला?” काकाजींना इंग्रजी येत नाही. त्यामुळे ते तोंडाकडे न पाहता सगळीकडे पाहतात.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. यंदाच ऑक्टोबरात लागला. मित्राच्या नव्या घरी सगळे जमलेत, खाली पिझ्झावाला आलाय, आणायला कोणी जायचं? जेफ म्हणतो, फासा टाकू. ज्याचा आकडा तो जाईल. मग तो भाग सहा वेळा पुन्हा पुन्हा सुरू होतो, दर वेळी वेगळा माणूस खाली जातो, आणि त्या एका माणसाच्या नसण्यानं खोलीत काय काय होतं ते दिसतं. ट्रॉय गेला की आग लागते, गोळी सुटते, बुढा पिअर्स मरतो. पंगतीतून नेमका एक जण उठून गेला की गप्पा कशा विझतात किंवा भांडण कसं पेटतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. ते असं मांडून दाखवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी काकाजींना थांबवून थांबवून सांगत होतो. दुसऱ्यांदा फासा पडला आणि ते म्हणाले, “सात जन हायेत. फाशाले बाजू सहा. हा लेकाचा सोताले मोजूनच नाई रायला ना बे!”

आबेदला ही लबाडी कळायला भागाचा शेवट यावा लागतो. काकाजी चौथी पास आहेत. शेवटी जेफलाच खाली जावं लागतं, आणि तो गेला की बाकीचे मस्त नाचतात.

तर मुद्दा. १४ नोव्हेंबरला एनबीसीनं जानेवारीनंतरचं वेळापत्रक काढलं आणि त्यात ‘कम्युनिटी’ नाही. बंद असं म्हणत नाहीत, नंतर दाखवू म्हणतात. आमच्याकडे अर्जावर साहेब “पाहू” म्हणतात ते हेच. ८ डिसेंबरला एक भाग लागला आणि त्यापुढे अंधार. कारण एकच, प्रेक्षकांचे आकडे कमी.

आकडे कोणाचे? त्यांच्याकडे कोण काय पाहतं ते मोजणाऱ्या नील्सन कंपनीची मीटरं काही हजार घरांत. आपल्याकडे तसंच काम करणाऱ्या टॅमची आठ हजारांच्या आसपास, तीही शहरांत. खेड्यात एक नाही. म्हणजे मी अमेरिकेत मोजला जात नाही ते ठीक, मी इथंही मोजला जात नाही. माझ्या गावानं काय पाहिलं, काय पाहून हसलं, हे आजवर कुठल्याही कागदावर आलेलं नाही. आमचा कापूस मोजतात (तोही कसा ते विचारू नका), आमचं हसू नाही.

मला एनबीसीला पत्र लिहायचं आहे. इंग्रजी तपासून देईल का कोणी?

—

टुकार_वाचक | १८ डिसेंबर

पहिला! नंतर वाचतो.

—

नागपुरी_संत्रा | १८ डिसेंबर

काय लिहिलं बे भाऊ! आणि काकाजींना आपला दंडवत. मी इंजिनिअरिंगला होस्टेलवर पाहिली होती, त्या फाशातली लबाडी मला नेटवर वाचल्यावर कळली. सात जणांत बसून पाहिली होती, एकालाही नाही. चौथी पासला जे कळलं ते सात इंजिनिअरांना नाही.

एक तुला माहीत आहे का? एका पिक्चरमधल्या भुताचं नाव तीनदा घेतलं की ते भूत येतं, त्याचं नाव ‘बीटलज्यूस’. या मालिकेत पहिल्या सीझनमध्ये ते नाव एकदा येतं, दुसऱ्यात एकदा, आणि आता तिसऱ्यात हॅलोविनच्या भागात एकदा. तिसऱ्यांदा नाव घेतलं तेव्हा त्या भुताच्या वेषातला माणूस मागून चालत जातो. एका विनोदासाठी तीन वर्षं थांबलेत लेकाचे.

—

सदा_विरोधी | १९ डिसेंबर

लेख चांगला आहे, मत पटलं नाही. मीही पंधरा भाग पाहिलेत. प्रत्येक भाग कुठल्या ना कुठल्या पिक्चरची नक्कल. तो पिक्चर पाहिला नसेल तर हसायचं कशावर? त्याच वेळी समोर सीबीएसवर ‘बिग बँग थिअरी’ लागते, ती कोणालाही कळते. वाहिनी हा धंदा आहे. दुकानात जो माल खपत नाही तो दुकानदार मागच्या फळीवर टाकतो. त्यात मीटरचा काय दोष?

—

आयोवाची_सून | १९ डिसेंबर

पऱ्हाटी, पत्र मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तपासून देते.

मीटरबद्दल थोडं. इथे सगळेच प्रेक्षक सारखे मोजत नाहीत. जाहिरातवाल्यांना १८ ते ४९ वयाचे लोक हवे असतात, भाव त्यांच्यावर ठरतो. माझे सासरे दिवसभर टीव्ही लावून बसतात, त्यांना त्या हिशोबात किंमत नाही. आणि मीटर सगळीकडे नसतं, काही भागांत कागदी डायरी पाठवतात. मागे आमच्याकडे आली होती, पाकिटात डॉलरच्या दोन-चार कोऱ्या नोटा घालून. आठवडाभर कोणी काय पाहिलं ते लिहायचं. सासूबाई भारतातून आल्या होत्या. त्यांनी तीन दिवस प्रामाणिकपणे लिहिलं, आणि शेरा मारायच्या जागी मराठीत, “काय चाललंय ते कळत नाही, पण पोरगी हसते.” मी तसंच पाठवलं. त्या आठवड्यात मी ‘कम्युनिटी’ पाहिली होती. तेव्हा एक नोंद आहे माझी!

सदा_विरोधी, तुमचं ‘नक्कल’ अर्धं बरोबर आहे. पण पेनच्या भागाला कुठला पिक्चर पाहावा लागतो?

—

सदा_विरोधी | १९ डिसेंबर

पेनचा भाग चांगला होता. मान्य. एक.

—

झाडीचा_राघू | २० डिसेंबर

मी वडसा (देसाईगंज) भागातला. आमच्याकडे दिवाळी झाली की नाटकांचा सीझन, होळीपर्यंत. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो, पहाटे संपतो. मोजणी कशी, तर दोन वाजता किती लोक शाल गुंडाळून बसलेत ते मंडळवाला उभा राहून पाहतो. लोक उठले तर पुढच्या वर्षी त्या कंपनीला त्या गावात तारीख नाही. मीटर नाही, डायरी नाही.

मला या मालिकेत आवडलं ते आबेद. तो पात्र असून पात्रासारखा वागत नाही, ‘आता असा भाग सुरू झाला’ म्हणून सांगतो. याला परदेशात काय म्हणतात ते विद्वान सांगतील, पण आमच्या खडी गंमतीत (तमाशासारखा आमचा लोकनाट्यप्रकार) हे जुनं आहे. शाहीर गाता गाता थांबतो, समोर बसलेल्या पाटलाला म्हणतो, पान खाऊन घ्या, पुढचं कडवं लांब आहे. नाच्या मध्येच पदर सोडून बिडी मागतो. सोंग चालू आहे हे सगळ्यांना माहीत, सोंग करणाऱ्यालाही माहीत, आणि तरी लोक रडायच्या जागी रडतात. आबेदही तेच करतो. त्या बाहुल्यांच्या भागात त्याची आई ख्रिसमसला येत नाही म्हणून त्याला सगळं जग बाहुल्यांचं दिसतं, हे कळलं तेव्हा माझं हसू बंद झालं. नुसत्या नकलेनं हे होत नाही, विरोधीभाऊ.

—

मास्तरीणबाई | २१ डिसेंबर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, मालिका पाहिलेली नाही. पण धागा वाचून दूरदर्शनवरचा जसपाल भट्टींचा ‘फ्लॉप शो’ आठवला. १९८९ साली लागला, उणेपुरे दहा भाग. आमच्या गावात तेव्हा दोन टीव्ही. बाबा अजून घरी ठेकेदार आला की त्यातलं काहीतरी बोलतात. आणि ‘साराभाई वर्सेस साराभाई’? २००४ ला सुरू, २००६ ला बंद, तेव्हा आकडे नाहीत म्हणून. आज ज्याच्या त्याच्या तोंडी.

अवांतर: पेनची गोष्ट मी काल पाचवीच्या वर्गात सांगितली. आज एकाचा खोडरबर हरवला तर पोरांनी दार लावून घेतलं. वर्ग सोडायला मला हात जोडावे लागले.

—

टुकार_वाचक | २१ डिसेंबर

वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

मास्तरीणबाई, तसंच उदाहरण अमेरिकेतलंच देतो. ‘अरेस्टेड डेव्हलपमेंट’ला २००४ साली सर्वोत्तम विनोदी मालिकेचं एमी पारितोषिक मिळालं आणि २००६ ला फॉक्सनं बंद केली. गेल्या महिन्यात बातमी आली की नेटफ्लिक्स नावाची डीव्हीडी भाड्यानं देणारी कंपनी ती परत काढणार. म्हणजे मेलेलं उठतं कधीकधी.

पत्रासोबत काहीतरी पाठव रे. २००७ मध्ये ‘जेरिको’ बंद केली तेव्हा चाहत्यांनी सीबीएसच्या ऑफिसात टनांनी शेंगदाणे पाठवले. ती मालिका परत आली, सात भागांसाठी का होईना. ‘चक’ ही मालिका बंद पडायची वेळ आली तेव्हा लोकांनी जाहिरातदाराच्या दुकानात रांगा लावून सँडविच खाल्ले.

—

नागपुरी_संत्रा | २१ डिसेंबर

संत्री पाठव! पेटी मी देतो.

—

आयोवाची_सून | २१ डिसेंबर

संत्री कस्टम्सवाले खातील.

—

पऱ्हाटी | २२ डिसेंबर

काकाजींचं म्हणणं, कापसाचं बोंड पाठवू. आमच्याकडे यंदा त्याला तशीही किंमत नाही. गेल्या साली सहा-सात हजार क्विंटल पाहिलेत, यंदा हमीभाव ३३००.

—

कृषी_सहायक | २२ डिसेंबर

बोंड पाठवू नका. सरकी असलेला कापूस परदेशी पाठवायला पीक-संरक्षणाचा दाखला लागतो, नाहीतर तिथं जाळून टाकतात. फोटो पाठवा. आणि तुरीवर अळी दिसत असेल तर लिंबोळी अर्क, पाच टक्के.

—

पऱ्हाटी | २४ डिसेंबर

पत्र गेलं. आयोवाच्या ताईंचे आभार, त्यांनी माझ्या इंग्रजीला हात लावला पण वळण माझंच ठेवलं. काल पोस्टात मास्तरांनी पत्ता दोनदा वाचला आणि विचारलं, नोकरीचा अर्ज का? हो म्हटलं, समजवत कोण बसेल.

पत्रात माळ्याचा फोटो घातला. मी, काकाजी, डबा. फोटोच्या मागे काकाजींनी सांगितलेलं वाक्य इंग्रजी करून लिहिलं आहे. ते म्हणाले, “त्याहीले लिव, की आमी दोघं जन पायतो. दोन लिवून घ्या म्हना.”

—

आयोवाची_सून | २५ डिसेंबर

बातमी! न्यूयॉर्कला एनबीसीच्या इमारतीसमोर चाहते जमले होते. काळ्या फेल्टच्या खोट्या दाढ्या लावून, फाशाच्या भागात ट्रॉय खाली गेल्यावर जे वाईट जग होतं, त्यातल्या लोकांसारखे. गाणी म्हटली आणि एकच घोषणा, “सहा सीझन आणि एक पिक्चर!”

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: ही घोषणा त्या खोट्या आठवणींच्या भागातली आहे. ‘द केप’ नावाची एनबीसीचीच मालिका तेव्हा गचके खात होती. आबेद तिच्या नायकासारखी झूल घालून कँटीनमधून पळतो, जेफ ओरडतो की ती तीन आठवडे टिकणार नाही, आणि आबेद दारातून, “सहा सीझन आणि एक पिक्चर!” ती मालिका दहा भागांत आटोपली.

—

सदा_विरोधी | २५ डिसेंबर

बंद पडलेल्या मालिकेची घोषणा घेऊन मालिका वाचवायला निघालेत. हे मात्र मला आवडलं. दोन.

—

पऱ्हाटी | १७ मार्च २०१२

परवा, १५ तारखेला पुन्हा सुरू झाली! मी अजून पाहिली नाही, मेमरी कार्ड पुण्याहून यायचं आहे. हरभरा निघाला, तूर विकली. पत्राचं उत्तर आलं नाही.

—

टुकार_वाचक | २० मे २०१२

वाईट बातमी. पुढचा सीझन मंजूर, पण ज्यानं मालिका उभी केली त्या डॅन हार्मनलाच काढलं. तो स्वतः मोठेपणी ग्लेनडेलच्या अशाच कॉलेजात मैत्रिणीसोबत शिकायला गेला होता, तिथला अभ्यासगट म्हणजे हे सगळं. आता ते घर त्याच्याशिवाय चालणार.

—

झाडीचा_राघू | २१ मे २०१२

शाहीर काढला, डफ ठेवला.

—

नागपुरी_संत्रा | ४ जुलै २०१४

धागा वर काढतोय. चौथा सीझन हार्मनशिवाय झाला, आपण त्याबद्दल बोलत नाही. पाचव्याला त्याला परत आणलं, मे महिन्यात एनबीसीनं कायमचं बंद केलं. आणि आता याहू सहावा सीझन काढतंय! कलाकारांचे करार ३० जूनला संपत होते, त्याच दिवशी ठरलं म्हणे. सहा होणार बे! पऱ्हाटी, जिवंत आहेस का?

—

पऱ्हाटी | ९ जुलै २०१४

आहे. पाऊस नाही, पेरणी खोळंबली आहे. काकाजींना सांगितलं. म्हणाले, “आपल्या पत्रानं झालं आसन.”

—

मास्तरीणबाई | २ नोव्हेंबर २०१५

सहावा सीझन झाला, एकूण ११० भाग. दरम्यान मी सगळी पाहिली. आणि पऱ्हाटी, तुमच्यासाठी: टॅम गेलं, त्या जागी बार्क आलं, आणि गेल्या महिन्यापासून त्यांच्या आकड्यांत खेडी पण आहेत.

—

पऱ्हाटी | ५ नोव्हेंबर २०१५

गावभर विचारलं. कोणाच्या घरी मीटर नाही.

—

सदा_विरोधी | ५ नोव्हेंबर २०१५

मीटर कोणाकडे आहे ते गुप्त असतं. असलं तरी तुम्हाला कोण सांगणार? (माझं तीनवर आलं आहे. फाशाचा भाग पुन्हा पाहिला.)

—

आयोवाची_सून | १ ऑक्टोबर २०२२

अकरा वर्षांचा धागा वर काढतेय, माफ करा. पिक्चर येणार! काल पीकॉकनं (एनबीसीवाल्यांचीच इंटरनेटवरची सेवा) जाहीर केलं. जेफ, ॲनी, ब्रिटा, आबेद, डीन, चँग आहेत. कोण कोण आहात अजून इथे?

—

झाडीचा_राघू | १ ऑक्टोबर २०२२

हजर.

—

पऱ्हाटी | ३ ऑक्टोबर २०२२

हजर. ताई, तुमचा प्रतिसाद मोबाईलवर वाचला, आता शेतातही रेंज असते. जागल मात्र राहिली नाही. सोलरचं झटका मशीन लावलं, तारेला डुक्कर शिवलं की टकटक वाजतं आणि आम्ही घरी झोपतो. माळा दोन वर्षांपूर्वी मोडला, त्याची लाकडं गोठ्याला लागली.

काकाजी आता पंच्याहत्तरीचे आहेत, ऐकायला कमी येतं. काल संध्याकाळी ओट्यावर बसून मोठ्यानं सांगितलं की त्या पोट्ट्यांचा पिक्चर निघणार. त्यांनी एकेकाचं विचारलं. तो मागं बाळंतपण करनारा? आहे. ते पेनवाली पोट्टी? आहे. तो काळा पोट्टा, जो गेला की आग लागते? त्याचं नाव यादीत दिसत नाही म्हटलं. बुढा? बुढा तर पाचव्या सीझनमध्येच मेला.

बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजलं.

“मंग पिझ्झा आनाले कोन जाईन?”